गवळी धनगर आणि मेंढपाळ धनगर: घाटमाथ्यावरचे आणि माळावरचे

कोल्हापुरात धनगर म्हटलं की डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी आणि पुढं मेंढरांचा कळप, एवढंच चित्र डोळ्यांपुढं येतं. त्यामुळं शाहूवाडी, गगनबावडा किंवा राधानगरीच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावर पहिल्यांदा गेलेला माणूस हमखास विचारतो, "मेंढरं चरायला गेलीत काय?" तिथं मेंढरं नसतातच. दावणीला म्हशी असतात. हे गवळी धनगर, आपल्याकडं काही भागात यांनाच डांगे धनगर म्हणतात. माळावरचा मेंढपाळ वेगळा. दोघांची जनावरं वेगळी, राहणी वेगळी, आणि पूर्वापार त्यांच्यात सोयरीकही होत नसे.

हे वेगळेपण समजायला आपल्या जिल्ह्याचा पाऊस बघावा. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तर पूर्वेला शिरोळकडं पाचशे-सहाशेवर भागतं. मेंढराला चिखल सोसत नाही. सतत ओल्यात उभं राहिलं की खुरं सडतात, लोकर भिजून अंगाला चिकटते, आणि कळपच्या कळप आजारी पडतो. म्हणून मेंढपाळ पावसाळा कोरड्या माळावर काढतो आणि सुगी झाली, रानं मोकळी झाली की कळप घेऊन बाहेर पडतो. म्हशीचं उलटं. तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी कमी, ऊन सोसत नाही, डुंबायला पाणी आणि बसायला सावली लागते. घाटमाथ्यावर झरे आहेत, गर्द जंगल आहे, सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारावर, पावसाळाभर गवत आहे. तिथं मेंढरू जगणार नाही आणि शिरोळच्या माळावर पाण्यावाचून म्हैस तडफडेल.

गवळ्याच्या जगण्याबद्दल आपण फार कमी बोलतो, म्हणून इथं जरा थांबतो. वाड्यापासून बाजार डोंगर उतरून तासन् तास चालण्याच्या अंतरावर. एवढ्या वेळात दूध नासणार. म्हणून दूध विकायचंच नाही, ते विरजायचं, घुसळायचं आणि लोणी काढायचं. लोणी-तूप खाली न्यायचं आणि भात, नाचणी, मीठ वर आणायचं. ताक घरच्यांना. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी 1982 साली गवळी धनगरांवर लिहिताना हीच वाटणी दाखवली: खोऱ्यात शेती करणारा कुणबी, माथ्यावर म्हशी राखणारा गवळी, आणि दोघांमध्ये लोणी-धान्याची देवघेव. कुणी कुणाच्या रानावर पाय देत नव्हतं. मला यातली समजूत फार मोलाची वाटते.

जुन्या पद्धतीचं घर आत जाऊन बघण्यासारखं असतं. एकाच छपराखाली एका अंगाला माणसं, दुसऱ्या अंगाला म्हशी, मधे कारवीचा कूड नाहीतर नुसती आडवी बल्ली. म्हशींच्या बाजूची जमीन उताराची, म्हणजे मूत बाहेर वाहून जातं. जून ते सप्टेंबर पाऊस उघडत नाही आणि रात्री बिबट्या फिरतो, अशा जागी जनावर बाहेर बांधून चालत नाही. चूल पेटली की तिची ऊब आणि धूर दोघांनाही मिळतो, धुरानं माश्या-गोमाश्याही हटतात.

मेंढपाळाचं घर म्हणजे वाटेवरचा तळ. घोड्यावर बिऱ्हाड, रात्री कळपाभोवती जाळी, राखणीला कुत्री. कोल्हापूर-कागल भागात मेंढरांना सर्रास बकरीच म्हणतात, आणि शेतकरी आपल्या रानात बकरी बसवून घेतो. रात्रभरच्या लेंडी-मुताचं खत रानाला मिळतं, मेंढक्याला धान्य किंवा पैसे. भुदरगड तालुक्यातल्या आदमापूरचे संत बाळूमामा याच जगण्यातले. 1966 साली त्यांनी देह ठेवला, पण त्यांच्या नावाची बकरी आजही गावोगाव फिरतात आणि ती आपल्या रानात बसावीत म्हणून शेतकरी वाट बघतात. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो, ढोल-कैताळ घुमतात, भाकणूक म्हणजे पुढच्या वर्षाचं भाकीत होतं. दख्खनी मेंढराच्या राठ लोकरीचं घोंगडं विणतो तो सनगर, ताण्याला चिंचोक्याची खळ लावून. यात्रा, भंडारा, घोंगडं हे सगळं आपल्या परिचयाचं, म्हणूनच धनगराचं एकच चित्र मनात पक्कं बसलंय.

त्याचा तोटा डोंगरावरच्यांना होतो. राज्य सरकारच्या मेंढीपालनासाठीच्या महामेष योजनेत 20 मेंढ्या आणि 1 नर 75 टक्के अनुदानावर मिळतात. माळावर ती उपयोगाची, घाटमाथ्यावरच्या वाड्याला मेंढ्या देऊन काय होणार? त्याला रस्ता हवा, म्हशीसाठी जनावरांचा डॉक्टर वर यायला हवा आणि चराईचा हक्क हवा. भोवती जंगल राखीव झालं: 1958 साली दाजीपूरचं गव्यांसाठीचं अभयारण्य, 2004 साली चांदोली राष्ट्रीय उद्यान. गवा राखायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याच सड्यांवर पिढ्यान् पिढ्या म्हशी चारणाऱ्याचा हक्कही तितकाच खरा आहे.

2006 च्या वनहक्क कायद्यात दोघांनाही जागा आहे, पण वेगवेगळी. चराईचा हक्क एका जागी राहणाऱ्यालाही आहे आणि हंगामी येणाऱ्या पशुपालकालाही. महाराष्ट्रात धनगर अनुसूचित जमातीत नाहीत, त्यामुळं दावेदाराला 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, तिथं असल्याचं दाखवावं लागतं. गवळ्याकडं कागद नसला तरी जुनी विहीर, घराचं जोतं, मसणवटा या खुणा पुरावा म्हणून चालतात, आणि गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही. मेंढक्यानं वाटेत कुठं जोतं बांधलेलं नसतं, त्याला ज्या गावांत दरसाल तळ पडतो तिथल्या म्हाताऱ्यांच्या जबाबावरच मुख्य भिस्त ठेवावी लागते. म्हणून ग्रामसभेत दावा लिहायला बसलात, तर आधी विचारा: म्हशी की मेंढरं?