कॉर्नियाची घुसमट वेगळी, कॉर्नियाचा संसर्ग वेगळा

‘माझी कॉन्टॅक्ट लेन्स ब्रीदेबल आहे, मग लावून झोपलं तर काय बिघडलं?’ हा प्रश्न इतक्यांदा कानावर पडतो की आता उत्तर एकदाचं लिहूनच ठेवते. दोन अगदी निराळे धोके यात एकमेकांत कालवलेले असतात.

घुसमट, म्हणजे प्राणवायू कमी पडणं, बहुतेकांना ठाऊक आहे. कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, रक्तवाहिन्या नसतात. जागेपणी प्राणवायू हवेतून, अश्रूंत विरघळून येतो. डोळे मिटले की तो साधारण एक-तृतीयांशावर येतो, म्हणून लेन्स नसतानाही रात्रीत कॉर्निया ३-४ टक्के सुजतो. जुन्या सॉफ्ट लेन्स लावून झोपलं की सूज १० टक्क्यांपुढे जायची, सकाळी दिव्याभोवती कडं दिसायचं. वर्षानुवर्षं हेच चाललं तर बुबुळाच्या कडेने रक्तवाहिन्या आत शिरायच्या. १९९०च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉन हायड्रोजेल हे प्राणवायू जास्त आत सोडणारं लेन्सचं नवं द्रव्य आलं आणि हे दुखणं बरंचसं सरलं.

संसर्ग मात्र सरला नाही. अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, लेन्स लावून झोपणाऱ्यांत वर्षाला दर १०,००० जणांमागे सुमारे २१ जणांना कॉर्नियाचा व्रण, म्हणजे संसर्गाने पडणारी जखम, झालेला आढळला. रोज रात्री काढणाऱ्यांत सुमारे ४. पुढे ऑस्ट्रेलियातल्या २००८च्या पाहणीत लावून झोपणाऱ्यांचे दर १०,००० मागचे आकडे असे: जुन्या सॉफ्ट लेन्सचं साधं हायड्रोजेल १९.५, सिलिकॉन हायड्रोजेल २५.४. प्राणवायू कित्येक पटींनी वाढला, व्रण तिथेच राहिले.

कारण पापणीत आहे. जागेपणी ती मिनिटाला दहा-पंधरा वेळा मिटते, लेन्स किंचित हलते, मागचे अश्रू थोडेथोडे बदलत राहतात. झोपेत पापणी थांबते. लेन्समागे मेलेल्या पेशी आणि चिकट स्राव साचतो, लेन्सला चिकटलेले जंतू रात्रभर कॉर्नियाला लागून राहतात. त्यांतला स्यूडोमोनास फार वाईट. एक-दोन दिवसांत कॉर्निया पोखरून काढतो. व्रण भरला तरी डोळ्यात फूल पडतं, आणि ते मधोमध पडलं तर नजर अधू होते. त्यामुळे ‘ब्रीदेबल’ हा शब्द मला मुळीच आवडत नाही. लेन्समधून प्राणवायू जातो एवढाच त्याचा अर्थ. ऐकणारा मात्र त्यातून निर्धास्तपणा घेतो.

(‘मंथली’ म्हणजे महिन्याने फेकायची, महिनाभर डोळ्यात ठेवायची नव्हे. आणि काही लेन्सना रात्री लावायची मान्यता आहे म्हणून त्यांतला धोका शून्य होत नाही. माझ्यापुरतं उत्तर पक्कं आहे: झोपताना लेन्स काढायचीच.)

ओळखायचं कसं? सूज बहुधा दोन्ही डोळ्यांत येते, सकाळी धूसर दिसतं आणि लेन्स काढल्यावर तास-दोन तासांत निवळतं. संसर्ग बहुधा एकाच डोळ्यात होतो. लेन्स काढूनही ठणका वाढत जातो, उजेड सोसवत नाही, पाणी गळतं. आरशात नीट पाहिलं तर बुबुळावर कधीकधी टाचणीच्या डोक्याएवढा पांढुरका ठिपका दिसतो. अशा वेळी घरातले उरलेले स्टेरॉइडचे थेंब घालणं हा सगळ्यात घातक उपाय. लाली उतरते, आत व्रण वाढत राहतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. लेन्स आणि डबी फेकू नका, धुऊही नका, तशाच सोबत न्या. कुठला जंतू आहे हे त्यांच्यावरून शोधता येतं.