जर्मन तोफगोळ्यांच्या फ्यूजची अवजारे व सुटे भाग

दोन्ही महायुद्धांत जर्मन तोफखान्याच्या फ्यूजसोबत पाने, वाहतुकीची टोपणे, सुरक्षा खिट्ट्या, डबे आणि वेळ लावणारी यंत्रे असा बराच सरंजाम असे. गोळा केव्हा फुटावा हे फ्यूज ठरवतो आणि त्याच्या अंगावर बहुधा त्याचे नाव कोरलेले असते. सोबतच्या साहित्यावर मात्र कित्येकदा नुसता एखादा आकडा सापडतो, कधी तोही नाही. म्हणून फ्यूजपासून ताटातूट झालेल्या अशा वस्तूची ओळख पटवणे अवघड जाते.

नावाच्या शोधात निघण्याआधी माप घ्यावे. पान्याच्या कड्याचा आतला व्यास, दातांमधले अंतर, टोपणाच्या आट्यांची जाडी हे सारे कोणत्या फ्यूजवर नेमके बसते, हाच सर्वांत भरवशाचा पुरावा. ‘डॉप्पेलत्स्युंडर ९६’ हा दुहेरी फ्यूज ठरावीक वेळेनंतर किंवा आघाताने पेटे. त्यातली वेळ दारूच्या जळत्या वळ्यावर मोजली जाई, पण बाहेरच्या कड्यावर आकडे असत ते पल्ल्याचे, मीटरमध्ये. ते कडे फिरवायला त्याच्याच घडणीचा पाना लागे. ‘आउफश्लागत्स्युंडर २३’ या आघात-फ्यूजवर स्फोट तत्काळ हवा की क्षणभर उशिराने, हे बाजूच्या खाचेतून ठरवता येई आणि त्यासाठी सपाट पाते पुरे. त्यामुळे केवळ सपाट पात्याचे अवजार पाहून ते याच फ्यूजचे आहे असे छातीठोकपणे सांगू नये.

आकड्यांनीही फसगत होते. ९६ किंवा २३ हे नमुन्याचे वर्ष, तर ‘त्साइटत्स्युंडर एस/३०’ मधले ३० म्हणजे सेकंद. हा घड्याळी यंत्रणेचा फ्यूज ८.८ सेंमी विमानवेधी तोफेसाठी होता. गोळ्याचे नाक तोफेवरच्या यंत्राच्या वाटीत घातले की वेळ लागे, हातातल्या पान्याची वाट पाहावी लागत नसे. गरुडाचा शिक्का असेल तर वस्तू तपासून स्वीकारली गेली एवढेच कळते, तिचा उपयोग कळत नाही. दुसऱ्या महायुद्धातली अक्षरी सांकेतिक खूण कारखाना दाखवते.

धातू काळ सुचवतो. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे तांब्याची टंचाई झाली आणि पितळेच्या जागी जस्त, अ‍ॅल्युमिनियम, लोखंड आले. पुढच्या युद्धात बेकेलाइटसारखे प्लास्टिकही वापरले गेले. तरी हा दुय्यम पुरावा मानावा, कारण जुना साठा पुढेही वापरात राहतो.

एका गोष्टीबाबत कसलीही हयगय नको. फ्यूजखाली बसणारी ‘त्स्युंडलाडुंग’ ही छोटी नळकांडी रिकाम्या डबीसारखी दिसते, पण तिच्यात स्फोटक असते. बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्समध्ये आणि उत्तर फ्रान्समध्ये नांगरटीत आजही असा दारूगोळा निघतो. कुठून आली हे ठाऊक नसलेल्या अशा वस्तूला हात लावू नये, तिचे माप घेऊ नये आणि आटे उघडायचा प्रयत्नही करू नये. जागेवरच ठेवून पोलिसांना किंवा बॉम्बनाशक पथकाला कळवावे.