महाविद्यालयीन क्रीडेचे व्यापारीकरण (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनेक विद्यापीठे आपल्या खेळाडू विद्यार्थ्यांचे सामने तिकीटविक्री, प्रक्षेपणहक्क, जाहिराती आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या यांच्या बळावर मोठा व्यवसाय म्हणून चालवतात. हा पैसा मुख्यतः अमेरिकन फुटबॉल व पुरुषांचे बास्केटबॉल या दोन खेळांतून येतो आणि पोहणे, कुस्ती, मैदानी स्पर्धा यांचा खर्च पुष्कळदा त्यातूनच भागवला जातो.

व्यापार या क्रीडेत मागाहून शिरला, असे म्हणता येत नाही. हार्वर्ड आणि येल यांच्यात १८५२ साली झालेल्या पहिल्या आंतरमहाविद्यालयीन नौकाशर्यतीचा खर्चच एका रेल्वे कंपनीने उचलला होता. पुढे फुटबॉलमधील मृत्यूंमुळे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०५ मध्ये लक्ष घातले. त्यानंतर १९०६ मध्ये स्थापन झालेली नियामक संस्था आज एनसीएए या नावाने ओळखली जाते. शिकागो विद्यापीठाने १९३९ मध्ये फुटबॉल संघच बंद केला, परंतु हे धैर्य फारच थोड्यांनी दाखवले.

एनसीएएची दूरचित्रवाणीवरील मक्तेदारी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये मोडल्यावर फुटबॉल सामन्यांच्या हक्कांसाठी विद्यापीठांचे गट स्वतंत्र करार करू लागले. बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा एनसीएएच्याच हाती राहिली व २०१० मध्ये तिचे चौदा वर्षांचे हक्क १,०८० कोटी डॉलरना गेले. अनेक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सरकारी नोकर हा राज्य विद्यापीठाचा क्रीडा प्रशिक्षक असतो. खेळाडूला मात्र हौशीपणाच्या तत्त्वाखाली दीर्घकाळ शिष्यवृत्तीपलीकडे जवळजवळ काहीच घेता येत नसे. ज्यांच्या श्रमावर हे उत्पन्न उभे राहिले त्यांनाच त्यातून वगळणारी ही व्यवस्था अन्याय्य होती.

शिष्यवृत्तीच्या रूपाने मिळणारे शिक्षण तरी खरे असावे, ही अपेक्षाही सर्वत्र पुरी झाली नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात (चॅपेल हिल) सुमारे अठरा वर्षे नाममात्र वर्ग चालले, त्यांत ३,१०० हून अधिक विद्यार्थी होते आणि नावनोंदण्यांपैकी जवळजवळ निम्म्या खेळाडूंच्या होत्या, असे २०१४ च्या चौकशी अहवालात उघड झाले. प्रवासाचा भारही वाढतच गेला आहे: प्रक्षेपणाच्या उत्पन्नासाठी गटांची फेररचना झाली आणि २०२४ मध्ये प्रशांत किनाऱ्यालगतचे स्टॅनफर्ड विद्यापीठ अटलांटिक किनाऱ्याच्या गटात गेले, त्यामुळे तेथील विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना सामन्यांसाठी खंड ओलांडावा लागतो.

शैक्षणिक लाभांवरील एनसीएएची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एकमताने बेकायदा ठरवली. त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नाव व प्रतिमेचे मोल घेता येऊ लागले, तर जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांना पहिल्या वर्षी सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंमध्ये वाटण्याची मुभा दिली. शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या कायद्यामुळे महिलांच्या क्रीडेचा मोठा विस्तार झाला होता; तो कायदा या नव्या वाटपाला कितपत लागू होतो, हा वाद त्यातून उद्भवला आहे.