विंडोजचा पासवर्ड की बायोसचा? जुना लॅपटॉप रीसेट करण्याआधी

सेकंडहँड लॅपटॉप घेतला, ॲडमिनचा पासवर्ड माहीत नाही, आता रीसेट कसा करायचा? याचं उत्तर देण्याआधी एक उलट प्रश्न विचारावा लागतो. पासवर्ड नेमका कधी मागितला जातोय? विंडोज सुरू होऊन आधीच्या मालकाचं नाव दिसल्यावर, की बटण दाबल्या दाबल्या, विंडोजचा मागमूसही नसताना? ‘ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड’ हे नाव दोन्हींना लागतं. पण पहिला, विंडोजचा, असतो डिस्कवर. दुसरा असतो बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, आणि तो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये.

विंडोजचा पासवर्ड खात्याचा असतो. डिस्क पुसली की खातं जातं आणि त्यासोबत पासवर्डही. म्हणून तो शोधत बसू नये, आणि पासवर्ड तोडून देणारी फुकट सॉफ्टवेअरं तर मुळीच उतरवू नयेत. विंडोज १० किंवा ११ असेल तर लॉगिन स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात पॉवरचं चिन्ह असतं. शिफ्ट दाबून धरून तिथलं ‘रीस्टार्ट’ निवडा. निळा मेन्यू येईल. त्यात ‘ट्रबलशूट’, मग ‘रीसेट धिस पीसी’, मग ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. ‘कीप माय फाइल्स’च्या वाटेला गेलात तर ॲडमिन खात्याचा पासवर्ड मागेल, आणि तसंही दुसऱ्याच्या फायली ठेवून करायचंय काय? चार्जर मात्र लावून ठेवा.

कधी कधी मध्येच बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती आधीच्या मालकाकडे असते. पण बिटलॉकर आतला डेटा वाचू देत नाही, डिस्क पुसायला त्याची हरकत नसते. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करा, त्यावरून लॅपटॉप सुरू करा, सगळी पार्टिशन्स (डिस्कचे भाग) उडवा आणि नव्याने विंडोज टाका. लायसन्सची काळजी सहसा नसते. त्या मशीनवर विंडोज आधी ॲक्टिव्हेट झालेलं असेल आणि तीच एडिशन टाकलीत, होमला होम, प्रोला प्रो, तर इंटरनेट जोडल्यावर ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

बायोसच्या पासवर्डला यातलं काहीच लागू पडत नाही. फॉरमॅट मारा, डिस्क बदला, तो जागच्या जागी. जुन्या कॉम्प्युटरांत मदरबोर्डवरचा गोल सेल काढून ठेवला की तो पुसला जायचा. तोच सल्ला आजही सर्रास दिला जातो, पण आताच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये हा पासवर्ड वीज नसतानाही टिकणाऱ्या मेमरीत असतो. सेल काढून फार तर घड्याळ चुकतं. मग उरतो निर्माता. काही कंपन्या मालकीचा पुरावा पाहून मदत करतात. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड, म्हणजे बायोसची सेटिंग बदलण्याचा, विसरला तर लेनोवोचं उत्तर मदरबोर्ड बदला, हेच आहे. जुन्या लॅपटॉपसाठी तो खर्च बहुधा परवडत नाही.

त्यातही एक फसवा प्रकार आहे. बायोसमध्ये दोन पासवर्ड असू शकतात: एक मशीन सुरू करण्यासाठी, दुसरा सेटिंग बदलण्यासाठी. फक्त दुसराच लावलेला असेल तर विंडोज बिनबोभाट सुरू होतं, शिफ्टवालं रीसेटही होतं, आणि घेणाऱ्याला पत्ताच लागत नाही. पुढे कधीतरी पेन ड्राइव्हवरून बूट करायची वेळ येते, तो पर्याय बंद असतो आणि चालू करायला पासवर्ड हवा असतो. म्हणून पैसे देण्याआधी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करा आणि बायोसमध्ये शिरून पाहा. डेलला एफ२, एचपीला एफ१०, थिंकपॅडला एफ१. आत जाऊन एखादं सेटिंग बदलता आलं तर ठीक. पासवर्ड मागितला तर तो विकणाऱ्यालाच काढायला लावा, आणि त्याला जमत नसेल तर सौदा सोडा.

रीसेट नीट पार पडून पहिल्याच सेटअपला एखाद्या कंपनीचं नाव आणि तिथल्या ईमेलची मागणी आली, तर भानगड या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. त्या मशीनची नोंद कंपनीच्या नावावर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते. विंडोज कितीही वेळा टाका, सेटअपमध्ये इंटरनेट जोडलं की तेच नाव पुन्हा येतं. नोंद त्या कंपनीच्या आयटी विभागाने काढायला हवी, आणि त्यांच्याशी बोलणं हे विकणाऱ्याचं काम, तुमचं नाही.