पदरमोड करून घडवलेली पहिली भरारी

मुलांना विमानातून फिरवून आणणारा एखादा हौशी वैमानिक गेला, की त्याच्या आठवणींत एक आकडा हमखास येतो. त्याने किती मुलांना पहिल्यांदा आकाशात नेले. त्याचे उड्डाणतास, त्याने उडवलेली विमाने, हे सगळे त्यानंतर. आठवणींचा हा क्रम फार जुना नाही. तो १९९२ नंतर रुळला.

त्याआधीचे थोडक्यात. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्कराने विकायला काढलेली सरावाची विमाने स्वस्तात मिळू लागली. वैमानिक गावोगावच्या शेतांत उतरून, पैसे घेऊन लोकांना चक्कर मारून आणत. जर्मनीत व्हर्सायच्या तहाने इंजिनाच्या विमानांवर बंधने आली, तेव्हा तरुण ग्लायडरकडे वळले. पुढच्याच दशकात त्या हौसेला लष्करी वळण लागले. ब्रिटनमध्ये १९३८ मध्ये आणि मग मोठ्या प्रमाणावर १९४१ मध्ये मुलांची हवाई छात्रदले उभी राहिली, तीही हवाई दलाला माणसे हवी होती म्हणून. थोडक्यात, मुलाला विमानाची गोडी लावणाऱ्याला तोवर त्या बदल्यात काहीतरी हवे असे. पैसे, नाहीतर सैनिक.

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या हौशी विमानप्रेमींच्या एका संघटनेने हे उलटे केले. आठ ते सतरा वर्षांच्या मुलांना स्वयंसेवक वैमानिकांनी एकदा फुकट फिरवून आणायचे. विमानाचा आणि पेट्रोलचा खर्च वैमानिकाचा. उद्दिष्ट होते १० लाख मुलांचे, आणि मुदत १७ डिसेंबर २००३, म्हणजे इंजिनाच्या विमानाच्या पहिल्या उड्डाणाची शताब्दी. ते पुरे झाले. २०१६ मध्ये आकडा २० लाखांवर गेला.

एकेक मूल घेऊन हा आकडा कसा वाढला, ते उड्डाणाआधीच्या तपासणीत दिसते. जाणता वैमानिक मुलाला थेट आत बसवत नाही. पंखाखालच्या झडपेतून पारदर्शक नळीत थोडे पेट्रोल काढून तो ती मुलाच्या हातात देतो. विमानाचे नेहमीचे पेट्रोल फिकट निळे असते आणि त्यात पाणी असेल तर ते जड म्हणून तळाशी वेगळे दिसते. ‘पाणी दिसतंय का बघ,’ एवढेच तो विचारतो. नळी उजेडात धरून बघणारे मूल त्या क्षणापासून प्रवासी उरत नाही.

याच पेट्रोलचा खर्च वैमानिकाने दुसऱ्याकडून घ्यावा का, यावरून सगळा वाद आहे. वाद एका शब्दाचा आहे: मोबदला. हौशी वैमानिकाच्या खासगी परवान्यावर प्रवासी नेता येतात, पण मोबदला घेऊन नाही. वाचायला सोपे. अमेरिकी नियमात प्रवाशांबरोबर खर्च वाटून घ्यायची मुभाही आहे. मात्र वैमानिकाने स्वतःच्या वाट्यापेक्षा कमी भरता कामा नये आणि हिशेबात फक्त पेट्रोल, तेल, विमानतळावरचा खर्च आणि विमानाचे भाडे धरायचे. विम्याचा हप्ता, विमान ठेवायचे हँगर, वार्षिक तपासणी ही त्याची त्याने बघायची. तीन मुले आणि वैमानिक असतील तर किमान चौथा हिस्सा त्याचा. मग उरलेले तीन हिस्से पालकांनी आनंदाने दिले तर काय बिघडले? बिघडते, कारण नियमाचा अर्थ लावताना आणखी दोन अटी आल्या. वैमानिक आणि प्रवासी एकाच कारणासाठी निघालेले हवेत, आणि लोकांना जाहीर बोलावणे केलेले नसावे. मुलांना बोलावून भरवलेला उड्डाणदिन या दोन्हींत अडकतो.

त्याहून पुढे, अमेरिकेच्या हवाई नियामकाने उड्डाणतासही मोबदल्यात मोजले. दुसऱ्याच्या पेट्रोलवर उडून तास आपल्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, चढवले, तर ते तास हीच कमाई. व्यावसायिक परवान्यासाठी तास जमवणाऱ्या तरुणाबाबत हे पटते. हजारो तास गाठीशी असलेल्या निवृत्त वैमानिकाला आणखी वीस मिनिटांनी काय मिळणार? माझ्या मते इथे नियम अक्षराला धरून राहिला आणि त्याचा हेतू सुटला. २०१२ मध्ये रुग्णांना ने-आण करणाऱ्या स्वयंसेवकांना कायद्याने पेट्रोलचा खर्च परत घेण्याची मोकळीक दिली; मुलांच्या फेऱ्या त्यात नव्हत्या. युरोपात मात्र वैमानिक धरून सहा जणांपर्यंत खर्चवाटणी चालते.

बाकीचे बदल सुरक्षिततेचे. ११ एप्रिल १९९६ रोजी विमान चालवण्याच्या विक्रमासाठी निघालेली सात वर्षांची मुलगी, तिचे वडील आणि प्रशिक्षक अपघातात गेले. त्याच वर्षी मुलांच्या हाती विमान देण्याविरुद्ध कायदा झाला. पण तो विक्रम, स्पर्धा आणि साहसप्रदर्शनापुरता. मुलाने शेजारी बसून क्षणभर विमान वळवायचा दांडा धरण्यावर त्याने बंदी आणली नाही. २०१६ पासून त्या संघटनेने स्वयंसेवकांना बालसुरक्षेचे प्रशिक्षण आणि पूर्वचारित्र्याची तपासणी सक्तीची केली. काही जुन्या वैमानिकांना ते लागले. मला ते योग्यच वाटते. मूल दुसऱ्याचे असते.

उतरल्यावर मुलाला प्रमाणपत्र मिळते, आणि एक लॉगबुकही. त्यात पहिल्याच ओळीत तारीख आणि विमानाचा क्रमांक असतो, आणि शेवटच्या रकान्यात त्या वैमानिकाची सही.