लघुमुकुटांचा संच: ओळख, हाताळणी, निगा

पेटीतले तिन्ही मुकुट लंडन टॉवरमधल्या मूळ मुकुटांच्या प्रतिकृती आहेत. सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा, वर मुलामा, खडे काचेचे, मोती कृत्रिम.

सगळा सोनेरी दिसतो तो सेंट एडवर्डचा. मूळ मुकुट 1661 चा, 22 कॅरेट सोन्याचा, वजन सव्वादोन किलोच्या आसपास. राज्याभिषेकाच्या क्षणी डोक्यावर ठेवतात तो हाच. गंमत म्हणजे 1911 पर्यंत त्यातले रत्नखडे भाड्याने आणत आणि सोहळा आटोपला की काढून परत करत.

चंदेरी झाक असलेला इम्पीरियल स्टेट क्राउन, 1937 चा. याची पुढची बाजू ओळखायची खूण अशी: क्रॉसमध्ये मोठा लाल खडा आणि त्याच्या बरोबर खाली पट्ट्यावर मोठा पांढरा खडा. लाल खडा 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' म्हणून प्रसिद्ध असला तरी ते माणिक नव्हे, स्पिनेल नावाचं वेगळंच रत्न आहे. पांढरा म्हणजे 'कलिनन दुसरा' हा 317 कॅरेटचा हिरा. पट्ट्यावर मोठा निळा खडा समोर दिसत असेल, तर मुकुट पाठमोरा ठेवला गेलाय.

तिसरा हिंदुस्थानचा शाही मुकुट. माथ्याकडे जाणाऱ्या अर्धकमानी मोजा: इतर दोघांना चार, याला आठ. राजमुकुट ब्रिटनबाहेर नेता येत नाही, म्हणून पंचम जॉर्जसाठी 1911 च्या दिल्ली दरबाराकरता हा नवा घडवला. साडेतीन तास घालून डोकं दुखल्याची नोंद त्याने रोजनिशीत केली. पुढे तो कुणी घातला नाही.

कोहिनूर या तिन्हींत नाही. तो 1937 च्या राणीच्या मुकुटात आहे, आणि तो मुकुट या संचात येत नाही.

उचलताना खालचा पट्टा दोन बोटांत धरा. माथ्यावरच्या क्रॉसला धरून उचललं की कमानींचा जोड हलतो. धूळ रंगकामाच्या मऊ ब्रशने वरून खाली झटका. पाणी लावू नका: खड्यामागच्या चंदेरी वर्खात ओल शिरली की खडा काळा पडतो आणि तो पुन्हा उजळत नाही. चिंच, लिंबू, तांब्यापितळेची पावडर तर मुळीच नको. मुलामा इतका पातळ असतो की दोन-तीनदा घासल्यावर खालचा करडा धातू डोकावतो. मोत्यांवर अत्तर उडू देऊ नका, लेप सुटतो.

पावसाळ्यात मखमलीवर पांढरी बुरशी धरते. काचपेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा. डांबरगोळी नको, तिच्या वाफेने कृत्रिम मोत्यांचा लेप चिकट होतो. उन्हात जांभळी मखमल विटते.

कमान तुटली तर सोनाराकडे डाग द्यायला नेऊ नका. हा धातू चारशे अंशांच्या आतच वितळतो, चांदीच्या डागाला सहाशेहून जास्त लागतात. मुकुट आमच्याकडे पाठवा.

खडा निखळला तर घरी बसवता येतो. झाकणाखालच्या पाकिटात प्रत्येक मापाचे दोन जादा खडे आहेत. इन्स्टंट ग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने शेजारचे खडेही धुरकट होतात. दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद समप्रमाणात मिसळा, टूथपिकच्या टोकाने कोंदणात राईएवढा थेंब सोडा, आणि मेणाचा गोळा लावलेल्या काडीने खडा उचलून बसवा. कोंदण वर येईल असा मुकुट कापसावर आडवा ठेवून 24 तास हलवू नका. उभा ठेवला तर खडा घसरून तिरका बसतो.