वाघाला पुलाखालून जायचं असेल तर

मागे सिमेंटचा जाडजूड खांब, खाली भुसभुशीत माती, आणि मधून वाघ चाललाय. मान खाली, चाल सैल. डोक्यावरून ट्रक धावताहेत याची त्याला फिकीर दिसत नाही. पेंचच्या पुलांखाली लावलेल्या कॅमेऱ्यांत असे फोटो आलेत.

जागा आपल्या ओळखीची आहे. नागपूरहून जबलपूरकडे निघालं की मनसर, मग देवलापार, मग खवासा. हाच राष्ट्रीय महामार्ग ४४, जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘सात नंबर’. तो पेंच व्याघ्र प्रकल्पाचं जंगल चिरत जातो. चौपदरीकरण करताना महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता जमिनीवरून उचलून खांबांवर घेतला. सगळ्यांत आखूड पूल ५० मीटरचा, सगळ्यांत लांब ७५० मीटरचा. हे सुखासुखी झालेलं नाही. एवढे लांब पूल देण्याची महामार्ग प्राधिकरणाची सुरुवातीला तयारी नव्हती. प्रकरण न्यायालयांत गेलं, काम अडलं, पुन्हा सुरू झालं. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने मग मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात पुलांखाली कॅमेरे लावले. १८ जातींच्या वन्यप्राण्यांचे ५,४५० फोटो मिळाले. त्यात वाघ ८९ वेळा.

आता ८९ वेळा म्हणजे ८९ वाघ नव्हेत. वाघाचे पट्टे म्हणजे आपल्या बोटांचे ठसे. दोघांचे सारखे नसतात. एवढंच काय, एकाच वाघाची डावी कूस आणि उजवी कूससुद्धा वेगळी. म्हणून शक्यतो वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. पट्टे जुळवून पाहिले तेव्हा हिशेब निघाला ११ वाघांचा. तेच ते पुन्हा पुन्हा जात होते. पुलाखालची जागा त्यांनी आपल्या वहिवाटीत घेतली होती.

रस्त्यावर चिरडलेलं जनावर आपल्याला दिसतं, पण रस्त्यापर्यंत येऊन मागे फिरलेलं दिसत नाही. आणि दुसरं नुकसान जास्त खोल आहे. कान्हा आणि पेंचमधले वाघ मधल्या जंगलपट्ट्यातून ये-जा करतात, हे त्यांच्या विष्ठेतल्या डीएनएवरून सिद्ध झालंय. ही ये-जा थांबली तर काय होतं, ते ओडिशातल्या सिमिलिपालमध्ये पाहावं. तिथले वाघ बाकीच्यांपासून तुटलेत. तिथे पट्टे जाड होऊन एकमेकांत मिसळलेले, जवळपास काळे दिसणारे वाघ वरचेवर आढळतात. बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये त्यामागचा एका जनुकातला बदल शोधून काढला. इतरत्र दुर्मीळ असलेला हा बदल तिथे घट्ट बसलाय, कारण नात्यातल्या नात्यातच संसार. काळ्या वाघाचं लोकांना अप्रूप वाटतं. मला मात्र त्यात कोंडलेल्या घराण्याची खूण दिसते.

मग साधी मोरी का चालत नाही? रस्त्याखाली पाइप टाकला की झाली वाट, असं वरवर वाटतं. इथे एक सोपं गणित आहे. बोगद्याची रुंदी गुणिले उंची, भागिले जनावराला आत चालावं लागणारं अंतर. आलेला आकडा म्हणजे मोकळेपणा. दोन मीटर रुंद, दोन मीटर उंच आणि ३० मीटर लांब मोरी घेतली तर उत्तर येतं ०.१३. त्याच ३० मीटरांसाठी ५० मीटर रुंद, पाच मीटर उंच जागा दिली तर ८.३. साळिंदराला किंवा उदमांजराला पहिल्या मोरीचं वावडं नाही. चितळाचं तसं नाही. त्याला पलीकडचा उजेड आणि झाडी दिसायला हवी, कारण अंधाऱ्या बोळात कोण दबा धरून बसलंय याची खात्री नसते. आणि चितळ आलं नाही तर वाघ तरी कशाला येईल?

उंची-रुंदीवरही भागत नाही. पुलाच्या सांध्यांवरून ट्रक गेला की धाडधाड आवाज खाली घुमतो, हेडलाइटचा झोत झाडीत शिरतो. याच महामार्गाच्या मध्य प्रदेशातल्या, सिवनीकडच्या टप्प्यात म्हणूनच रस्त्याच्या कडेला उंच पत्रे उभे केलेत. शिवाय गावातल्या गुरांना, सरपणाच्या मोळीवाल्यांनाही तीच सावली सोयीची. रात्री वाघ, दिवसा गाई, असा पाळीचा कारभार चालतो. पण माणसांची वर्दळ वाढली तर रात्रपाळीवालेही वाट सोडतात.

कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात यावर सर्वांत दीर्घ अभ्यास झालाय. तिथे महामार्गावरून जनावरांना ओलांडायला झाडी लावलेले ५० मीटर रुंदीचे पूल आहेत. वाळूचा पट्टा सपाट करून ठेवायचा आणि उमटलेले पाय मोजायचे, अशी सुरुवात झाली. हरणं लवकर सरावली. ग्रिझली अस्वलांनी काही वर्षं घेतली. पहिल्याच वर्षी निकाल मागणाऱ्या अधिकाऱ्याला हे पूल फुकट गेलेले वाटले असते. दोन्ही कडांना कुंपण नसतं तर ते खरोखरच फुकट गेले असते, कारण मोकळा रस्ता समोर असताना वळसा कोण घालेल?

वनस्पतींना पुलाचा थेट उपयोग नाही. त्यांचा शत्रू भरावातून येतो. कुठूनतरी मुरूम आणायचा, बाजूला पसरायचा. त्याबरोबर गाजरगवताचं बी येतं आणि उघड्या मातीवर पहिलं तेच उगवतं. वरची वीतभर काळी माती आधी सोलून वेगळी ठेवायची आणि काम संपल्यावर उतारांवर पसरायची, ही साधी खबरदारी. तिच्यात स्थानिक गवताचं बी असतं. प्रत्यक्षात ती माती बऱ्याचदा भरावाखाली जाते.

वारशाचंही असंच. मनसरलाच, महामार्गाच्या अंगाला, वाकाटकांच्या काळातली विटांची बांधकामं उत्खननात मिळाली आहेत. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी, पुढे २०० मीटर परवानगीचा टापू, असा कायदा आहे. पण रस्त्याकडेच्या वीरगळीला (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीच्या कोरीव दगडाला), बुजलेल्या बारवेला असलं कुठलं कवच सहसा नसतं. रुंदीकरणात वीरगळ सापडली की लोक श्रद्धेने ती उचलून देवळाच्या पारावर नेऊन ठेवतात, शेंदूर फासतात. दगड वाचतो. ती नेमकी कुठल्या शिवेवर, कोणत्या जुन्या वाटेच्या तोंडाशी उभी होती, ही माहिती मात्र रोलरखाली जाते. हलवण्याआधी मोबाइलवर जागेची नोंद आणि चार बाजूंनी फोटो घ्यायला दहा मिनिटं लागतात.

वडाला तर हलवणंही अवघड. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा वड लोक ४०० वर्षांचा मानत. २०२० मध्ये तो रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आखणीत आला. लोक उभे राहिले आणि आखणी थोडी सरकवली गेली. दोनच वर्षांनी पावसाच्या तोंडावर तो वड आपणहून उन्मळून पडला. रस्ता मात्र त्याच्यासाठी सरकला होता.